सहा चित्रं आणि बावन्न भाग
(रामदासपेठेतल्या एका कार्टून-समीक्षकास खुलं पत्र)

समीक्षकभाऊ,



अखेर तुम्ही करून दाखवलंत. म्हणजे करून दाखवणार आहात, हे दाखवलंत. आपल्या शहरात भूमिपूजनाचा मंडप उद्घाटनाच्या मंडपापेक्षा मोठा असतो, तेव्हा अभिनंदन आत्ताच उरकून घेतो. रामदासपेठेतल्या आपल्या खोलीत बसून, मागे जपानी बाहुल्यांचं काचेचं कपाट आणि पुढे तो गोल दिवा लावून, तुम्ही इतकी वर्षं देशभरच्या कार्टूनवाल्यांची सालटी काढलीत. आता स्वतःचीच मालिका जाहीर केलीत. बावन्न भाग, प्रत्येकी अकरा मिनिटं. घोषणेचा एक व्हिडिओ, त्यात सहा चित्रं, आणि वर्गणीदारांसाठी एक जाडजूड दस्तऐवज, ज्याला आमच्या धंद्यात ‘बायबल’ म्हणतात. मालिकेचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्ही जाहिरातीसाठीही वर्गणी मागितली आहे, ती मी फुकट कशाला करू?

मी इनबिटवीनर. हा शब्द तुमच्या प्रेक्षकांना माहीत नसेल, कारण तुमच्या तोंडून तो कधी आला नाही. पात्राला भिंतीवरून उडी मारायची असली की मुख्य ॲनिमेटर भिंतीवरचं चित्र काढतो, जमिनीवरचं काढतो, फार तर हवेतलं एक काढतो. उरलेली सगळी, म्हणजे ज्यांच्यामुळे ती उडी उडी वाटते, ती आम्ही काढतो. मुंबईतल्या एका स्टुडिओत काही वर्षं हे काम केलं आणि पाठीचा मणका तिथे ठेवून नागपूरला परत आलो. आता काचीपुरा चौकाकडून रामदासपेठेत शिरलं की जवळच राहतो, म्हणजे आपण जवळपास शेजारीच. श्रेयनामावलीत आमची नावं अगदी शेवटी येतात, तोवर घरच्यांनीसुद्धा चॅनल बदललेलं असतं. तुम्हाला आम्ही माहीत नसणं यात तुमचा काही दोष नाही.

पण तुमची एक सवय मला चांगली माहीत आहे. एका मालिकेच्या परीक्षणात तुम्ही धावत्या पोराचं एक चित्र मध्येच थांबवलं होतं. पोराचा चेहरा ताणून लांबोडका झालेला, हाताच्या जागी नुसता एक पुसट पट्टा. तुम्ही त्यावर लाल गोल काढलात, भुताच्या सिनेमातलं संगीत लावलंत आणि विचारलंत, ‘हे माणसानं काढलंय की माकडानं?’ माणसानंच काढलं होतं, आणि मुद्दाम तसं काढलं होतं. त्याला स्मिअर म्हणतात. वॉर्नर ब्रदर्समध्ये चक जोन्सनं १९४२ साली ‘द डोव्हर बॉइज’ केलं, त्यातली पात्रं एका जागेवरून दुसरीकडे जाताना अशीच फराटा होऊन जातात. ते चित्र पडद्यावर सेकंदाचा चोविसावा नाहीतर बारावा भाग टिकतं, आणि तेवढ्यात डोळ्याला वेग देऊन नाहीसं होतं. घास तोंडात असताना एखाद्याचा फोटो काढावा आणि हा माणूस जन्मतःच असा आहे असं जाहीर करावं, तसं तुमचं ते परीक्षण होतं. लोक हसले. लाइकही भरपूर मिळाले. तुमचा अंगठा तेव्हापासून पॉजच्या बटणावर जो चिकटला तो चिकटलाच. म्हणून घोषणेच्या व्हिडिओत सहाच चित्रं निघाली आणि सहाही जागच्या जागी उभी आहेत, याचं मला काडीचंही नवल वाटलं नाही. ज्यानं आयुष्यभर कार्टून थांबवून बघितलं, त्याला चालतं कार्टून कसं सुचणार?

असो. तुम्ही इतरांसाठी काही कायदे केले होते, त्यांचं काय झालं ते बघू.

पहिला कायदा खाण्याचा. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा ‘छोटा भीम’ २००८ साली पोगोवर आला, आणि लाडू खाऊन ताकद येणारा हा पोरगा तुमच्या लेखी आळशी लेखनाचा नमुना ठरला. ‘लोटपोट’ मासिकातले मोटू-पतलू २०१२ मध्ये निकवर आले, तेव्हा समोशावर तुम्ही एक अख्खा व्हिडिओ खर्च केलात. मला तुमचं पटलंही होतं. आता तुमचा नायक घाबरला की काय करतो? संत्रा बर्फी खातो. बायबलमध्ये याला ‘स्थानिक चव’ असं नाव दिलंय. म्हणजे इतकी वर्षं तक्रार एवढीच होती की लाडू नागपूरचा नव्हता.

दुसरा कायदा काटकसरीचा. पात्राचे हात, पाय, तोंड सुटे करून संगणकात सांधतात आणि कळसूत्री बाहुलीसारखे हलवतात, त्या पद्धतीला तुम्ही ‘कागदी बाहुल्यांचा तमाशा’ म्हणालात. तुमच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात मात्र तीच पद्धत आहे, बारीक अक्षरात. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही, कारण हिशेब मलाही येतो. अकरा मिनिटांचे ६६० सेकंद. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर १५,८४० होतात. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं, ज्याला आम्ही ‘टूजवर काढणं’ म्हणतो, तरी एका भागाची ७,९२० चित्रं. बावन्न भागांची चार लाख अकरा हजारांहून जास्त. ती हातानं काढायची तर आपली सगळी रामदासपेठ दवाखाने बंद करून पेन्सिल घेऊन बसली पाहिजे. म्हणून काटकसर सगळेच करतात. १९६३ साली ओसामू तेझुकांनी ‘ॲस्ट्रो बॉय’ टीव्हीवर आणली, तेव्हा एक चित्र तीन-तीन फ्रेम ठेवलं, काढलेले हात पुन्हापुन्हा वापरले, धड स्थिर ठेवून नुसते ओठ हलवले. ज्या ॲनिमेपुढे तुम्ही उठता-बसता लोटांगण घालता, त्याचा डोलारा याच चिकटपणावर उभा राहिला. तुमच्या काचेच्या कपाटातली निम्मी मंडळी त्या कंजूष घराण्याची वंशज आहेत. टोकियोतली काटकसर ही शैली, हैदराबादची काटकसर हा गुन्हा, आणि रामदासपेठेतली काटकसर म्हणजे ‘बजेट ऑप्टिमायझेशन’. बरोबर ना?

तिसरा कायदा उपदेशाचा, आणि यात माझं तुमच्याशी आधीपासूनच पटत नव्हतं. शेवटी शिकवण आली की तुम्ही शिट्टी वाजवता. पण दूरदर्शनच्या जमान्यातल्या कुणालाही विचारा, कोणतं कार्टून आठवतं? दहापैकी आठ जण १९७४ चं ‘एक अनेक और एकता’ सांगतील. विजया मुळे यांनी केलेलं, भीमसेन यांच्या ॲनिमेशनचं, वसंत देसाईंच्या संगीताचं. ते तर डोक्यापासून पायापर्यंत उपदेश आहे! सरकारी उपदेश! तरी ते टिकलं, कारण त्यात एक धाकटा भाऊ ताईला खराखुरा प्रश्न विचारतो आणि ताई त्याला समोर दिसणाऱ्या गोष्टी दाखवत उत्तर देते. तुम्ही शिकवणीवर बंदी आणलीत आणि तुमच्या प्रत्येक भागाच्या शेवटी ‘आजचा विचार’ ठेवलात. फरक एवढाच, की तुमच्या मालिकेत प्रश्न कुणीच विचारत नाही.

आता मूळ कल्पनेकडे येतो. जग उलटं झालंय. मुलं कारभार बघतात आणि मोठी माणसं दप्तर घेऊन शाळेत जातात. दहा वर्षांचा नायक शहराचा महापौर, त्याचा बाप दुसरीत. तुम्ही म्हणालात, जगात असं कधी झालेलं नाही. भाऊ, अमेरिकेत एका कार्टून-समीक्षकानं, तोही तुमच्यासारखाच वाईट कार्टूनं फाडून नाव कमावलेला, ‘ग्रोइंग अराउंड’ नावानं हेच उलटं जग कधीचं जाहीर केलं होतं, आणि तेही लोकवर्गणी मागून. चोरीचा आरोप मी करत नाही. उलट मला वाटतं की कार्टून-समीक्षकाला दुसरं काही सुचणंच कठीण. मोठेपणी दिवसभर मुलांचे कार्यक्रम बघणं हाच ज्याचा व्यवसाय, त्याला मुलांच्या हाती सत्ता देऊन मोठ्यांना बाकावर उभं करावंसं वाटणं, ही कल्पना कसली? हे तर आत्मचरित्र झालं.

आत्मचरित्रालाही माझी हरकत नाही, पण ते नीट तरी लिहावं. विमानातून पडलेला माणूस नुसता धुळीनं माखून कसा उठतो, यावर तुम्ही कधी काळी लोकांची झोप उडवली होती. मग सांगा, तुमच्या जगात मूल कितव्या वर्षी खुर्ची सोडतं? अठराव्या वाढदिवसाला केक कापला की दुसऱ्या दिवशी पहिलीत प्रवेश? मग अठरा वर्षांची माणसं रडत रडत बालवाडीत जातात का? की उलट खूश असतात, सुटलो एकदाचे म्हणून? हा एक प्रश्न धरला असता तरी मालिका निघाली असती. बायबलमध्ये यावर एक ओळ आहे: ‘हे पुढील सत्रात उलगडेल.’

आणि तुम्ही राहता कुठे, तर रामदासपेठेत! सेंट्रल बाजार रोडवर डोळे मिटून दगड भिरकावला तर तो एखाद्या एमडीला लागेल, आणि त्याला चुकला तर कोचिंगवाल्याला. अशा जागी उलटं जग नुसतं उभं केलं तरी हसून पुरेवाट व्हावी. नऊ वर्षांची हृदयरोगतज्ज्ञ बाहेर बसलेल्या सत्तरीच्या आजोबांना दटावतेय, चॉकलेट दाखवलं तरच ईसीजी करीन म्हणतेय. सातवीच्या वयाची मुलगी बापाला नीटच्या क्लासला घालतेय आणि ऐकवतेय की शेजारचे काका बघ, पहाटे चारला उठतात. बाप गच्चीवर लपून पतंग उडवतोय. हे मला चहा गाळता गाळता सुचलं. फुकट घ्या, श्रेय नको. तुमच्या पहिल्या भागात काय आहे? महापौर सभागृहात ‘स्क्रीन टाइम धोरण’ मांडतात आणि त्यावर चर्चा होते. मुलांच्या हाती सत्ता आली आणि त्यांनी केलं काय, तर समिती नेमली. बरं, बोलतात कशी? ‘आपण सर्वांनी मिळून या प्रश्नाचा साकल्यानं विचार करायला हवा.’ नागपूरचा दहा वर्षांचा पोट्टा! तो फार तर म्हणेल, ‘काहून बे, कोनं सांगितलं तुले?’ आणि वर विचारेल, ‘तू काय करून राह्यला इथं?’ बायबल म्हणतं, ‘प्रमाण मराठी, बाजारपेठेसाठी.’ एका डब केलेल्या मालिकेची मराठी कुठल्याच गावची नाही म्हणून तुम्हीच तिला नागडं केलं होतंत, आठवतं? ते तुमचं सर्वांत चांगलं परीक्षण होतं. मी ते लोकांना पाठवलं होतं.

चित्रांकडे वळू. सहापैकी एका चित्रात झिरो माइलचा स्तंभ आणि ते चार घोडे आहेत. दुसऱ्यात संत्र्याचं झाड आहे, फळं झाडाच्या मानानं जरा जास्तच. म्हणजे नागपूर आटोपलं. पर्यटन विभागाच्या दिनदर्शिकेलाही एवढंच नागपूर पुरतं. आता मला सांगा, उलट्या जगाची मालिका नागपुरात घडवायची आणि त्यात तान्हा पोळा नाही? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या शहरातली, साऱ्या विदर्भातली पोरं लाकडी बैल सजवून दारोदार निघतात आणि मोठी माणसं मुकाट खिशात हात घालून त्यांना बोजारा देतात. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली प्रथा आहे ही. त्या दिवशी खरोखर पोरं मालक असतात आणि मोठे देणेकरी. हातात मावणाऱ्या बैलापासून गाड्यावर ओढायच्या बैलापर्यंत सगळे रस्त्यावर असतात, आणि कुणाचा बैल मोठा यावरून मारामाऱ्या होतात. तुमचं अख्खं बायबल त्या एका दुपारी आपल्या गल्लीतून चालत जातं. त्याच दिवशी तिकडे इतवारीकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे. वर्षभर ज्याचा राग आला त्याचा पुतळा करायचा, त्याला नाक, पोट, जे काय फुगवायचं ते फुगवायचं, गावभर फिरवायचं आणि जाळायचं. इतकं चालतं-बोलतं व्यंगचित्र ज्या शहराला वारशात मिळालं, त्या शहराच्या मालिकेत चार घोडे उभे. तेही दगडासारखे स्थिर. अर्थात घोड्यांच्या बाबतीत ते बरोबरच आहे म्हणा.

चौथ्या चित्रासाठी मात्र हे पत्र लिहायला घेतलं. महापौरांचं घर. सोफ्यावर दहा वर्षांचे महापौर फाइल वाचताहेत. जमिनीवर त्यांचे वडील पाढे लिहिताहेत, आजोबा पांगुळगाड्यात. सगळं उलटं, ठरल्याप्रमाणे. आणि उजव्या कोपऱ्यात साडी खोचून एक बाई फरशी पुसतेय.

मी ते चित्र बराच वेळ बघितलं. हो, थांबवून बघितलं, तुमच्याच पद्धतीनं. जग उलटलं, कलेक्टर उलटला, न्यायाधीश उलटला, डॉक्टर उलटले, बाप दुसरीत जाऊन बसला. धुणंभांडीवाली मावशी तेवढी जिथल्या तिथे. मोठी माणसं शाळेत जातात हा तुमच्या विश्वाचा पहिला नियम, आणि ती तर चाळिशीची दिसते. मग तिला शाळेत का नाही पाठवलंत? पात्रांच्या यादीत तिला नाव नाही, ‘पार्श्वभूमी’ एवढंच लिहिलंय. कुणी मुद्दाम असं करत नाही, हे मला ठाऊक आहे. चित्रकाराला घर काढायला सांगितलं, त्यानं रामदासपेठेतलं घर आठवलं, आणि रामदासपेठेतल्या घरात ती असतेच. तुम्ही ते मंजूर केलंत, कारण तुम्हालाही काही खटकलं नाही. दुसऱ्याच्या कार्टूनमधल्या पोराच्या बोटांवर लाल गोल काढणाऱ्या नजरेला आपल्या चित्रातली अख्खी बाई दिसली नाही.

तिच्या पोरीचा विचार तर दूरच राहिला. आपल्या इमारतींमधून कधी सकाळी फिरलात तर दिसेल. आई तापानं पडली की तिच्या जागी बारा वर्षांची मुलगी येते. कडेवर धाकटा भाऊ. कोणत्या घरी कपबशा वेगळ्या ठेवायच्या, कोणत्या वहिनी पैसे उशिरा देतात, आईच्या रजा किती झाल्या, सगळं तोंडपाठ. घरी बापाला उठवून कामावर पाठवून आलेली असते. डॉक्टरकडे आईचा नंबर लावलेला असतो. कुणी जास्तीचं काम सांगितलं तर त्याचा भावही ती स्वतः ठरवते, आणि तुमच्या महापौरांपेक्षा बराच रोखठोक. भाऊ, मुलं कारभार बघतात हे जग तुम्ही कल्पनेनं रचत होतात, आणि ते रोज सकाळी लिफ्ट टाळून जिन्यानं तुमच्या मजल्यावर येत होतं. बर्फी न खाता. ज्या मुलाला ड्रायव्हर शाळेत सोडतो त्यालाच ‘मोठं व्हायला मिळणं’ ही गंमत वाटते. हिला विचारलं तर ती उलटं स्वप्न सांगेल: एक दिवस सगळ्यांनी मला लहान समजा. या एका वाक्यावर तुमची मालिका दोन सत्रं चालली असती, हसवत हसवत चालली असती, कारण ती मुलगी तुमच्या सगळ्या पात्रांपेक्षा विनोदी आहे. पण ती पार्श्वभूमीत आहे. आणि तुमच्या वर्गणीच्या तक्त्यात लिहिलंय, पाच हजार रुपये भरणाऱ्याच्या मुलाचा चेहरा पार्श्वभूमीत दाखवला जाईल. म्हणजे ज्या जागेचे इतरांकडून पाच हजार घेताय, तिथे मावशी फुकट उभी. त्या जागेचं भाडं तरी मागायला हवं होतं तिनं.

घोषणेत तुम्ही म्हणालात की त्रुफोसुद्धा आधी समीक्षकच होता. होता ना. १९५४ च्या त्याच्या लेखानं फ्रेंच सिनेमावाल्यांची झोप उडवली, १९५८ साली कानच्या महोत्सवानं त्याला बोलावलं नाही आणि १९५९ साली त्याच कानमध्ये ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. पण त्यानं सिनेमा काढला कशावर? शाळा बुडवणाऱ्या, टंकलेखन यंत्र चोरणाऱ्या, आई मेली अशी थाप ठोकणाऱ्या एका पोरावर. स्वतःच्याच लहानपणावर. इतरांच्या चुकांची जी यादी त्यानं लेखात काढली होती, ती त्या पोराच्या खिशात कुठेही नाही. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर आचार्य अत्रे घ्या. त्यांच्या लेखणीतून सुटलेला माणूस शोधावा लागेल. त्यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक आणलं. तिथेही मध्यभागी एक पोरगंच. झोडपायचं ते त्यांनी अग्रलेखात झोडपलं, श्यामच्या अंगावर काढलं नाही. तुमच्या महापौराच्या अंगावर मात्र तुमची सगळी जुनी परीक्षणं चढवलेली दिसतात. हे नको, ते नको, असं नको. ‘नको’ सोडून त्या पोराला स्वभावच नाही.

फाळक्यांचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, याचं वाईट वाटलं, कारण ते सगळ्यांत जास्त तुमच्यासारखे होते. मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ बघितला आणि मग माणूस सिनेमे बघतच सुटला, इतका की काही काळ डोळ्यांनी दिसेनासं झालं. इथपर्यंत दोघांचं चरित्र एकच. पुढे मात्र ते कुंडीत वाटाणा पेरून बसले आणि त्या कोंबाचं रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. ‘अंकुराची वाढ’, १९१२. तो इवलासा कोंब पडद्यावर भराभर वाढताना दाखवला आणि मग लोकांकडे भांडवल मागितलं. १९१५ साली आगपेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ काढली. बर्फी नाही, महापौर नाही, काड्या. पण हलणाऱ्या. तुम्ही वर्गणी आधी मागितलीत, अंकुर पुढील सत्रात उलगडेल.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, हा मराठी कार्टूनचा वैरी दिसतोय. तसं नाही हो. मराठीत हे फडताळ फारसं भरलेलंच नाही. प्रभातनं १९३४ साली ‘जंबू काका’ काढून सुरुवात केली होती, तिला आता नव्वद वर्षं उलटून गेली. ‘चिंटू’ १९९१ पासून घरोघरी वाचला गेला, पण २०१२ साली त्याचा सिनेमा निघाला तो हाडामांसाच्या मुलांचा. म्हणून कुणी नागपुरात बसून मराठी मालिका काढतो म्हटल्यावर पाचशे रुपये भरणाऱ्यांत मीही होतो. पाचशेत श्रेयनामावलीत नाव येतं असं लिहिलंय. नाव नको. पैसेही परत नकोत. त्या पाचशे रुपयांत मला दहा सेकंद हवेत.

बावन्न भाग राहू द्या. बायबल कपाटात ठेवा, बाहुल्यांच्या मागे मावेल. दहा सेकंद, टूजवर, म्हणजे १२० चित्रं. एक मुलगी सेंट्रल बाजार रोड ओलांडते, कडेवर भाऊ, दुसऱ्या हातात आईच्या औषधांची पिशवी. संवाद नको, पार्श्वसंगीत नको, झिरो माइल तर नकोच. भाऊ डाव्या कडेवर असला की कंबर डावीकडे निघते आणि खांदा उजवीकडे कलतो, ते दिसलं पाहिजे. प्रत्येक पावलाला त्याचं डोकं अर्धा क्षण उशिरा खाली येतं. रस्त्याच्या मध्ये ॲम्ब्युलन्स येते, मुलगी थांबते, भावाचे डोळे हातानं झाकते, कारण धूळ उडते. मग पुढे जाते. त्यात स्मिअर आला तर येऊ द्या. मी तो थांबवून बघणार नाही.

कळावे,

आपला,
श्रेयनामावलीच्या तळातला एक इनबिटवीनर

ता. क. लाइटबॉक्स माझ्याकडे जुना पडून आहे, न्या. त्याची काच शाबूत आहे, ट्यूब गेली आहे; सीताबर्डीत मिळेल. कागदाला भोकं पाडायचा पंच मात्र परत करा. आणि मावशीच्या मुलीला बघून चित्र काढायचं असेल तर तिला आधी विचारा, आणि बसण्याचे पैसे द्या. भाव ती सांगेल.